तास बघायला या: सहकाऱ्याला आपल्या वर्गात बोलवायची रीत

फळ्यावर गणित लिहिताना शिक्षकाची पाठ वर्गाकडे असते. वळून बघितलं की आधी दिसतात ते वर केलेले हात, आणि तास पुढे सरकतो तो त्या हातांच्या भरवशावर. तिसऱ्या बाकावर कोणी काय लिहिलं, काय खोडलं, शेजारच्याचं बघून काय दुरुस्त केलं, हे शिकवणाऱ्याला दिसत नाही. संध्याकाळी तपासायला घेतलेल्या वहीतही ते सापडत नाही, कारण वहीत शेवटी फळ्यावरचं बरोबर उत्तरच उतरलेलं असतं. सहकाऱ्याला वर्गात बोलवायचं ते हे मधलं, निसटून जाणारं बघून ठेवायला.

अडचण अशी की आपल्याकडे वर्गात कोणी वही-पेन घेऊन बसलं की ती तपासणी असते. मुख्याध्यापकांचं पाठ निरीक्षण, केंद्रप्रमुखांची भेट, विस्तार अधिकाऱ्यांची वार्षिक तपासणी, सगळ्यांचा शेवट लॉगबुकात होतो. सहकाऱ्याची भेट त्यांच्या पंगतीला जाऊन बसली की दुसऱ्या वेळी कोणी बोलवत नाही. खालचे बरेचसे नियम याच एका कारणासाठी आहेत.

कोणाला, आणि कधी

पहिल्या खेपेला मुख्याध्यापकांना बोलवू नका, ते कितीही मोकळे असले तरी. त्यांच्याकडून लागते ती परवानगी आणि बदली तासाची सोय, एवढंच. ज्याच्यासमोर तुमचं गणित चुकलं तरी चालेल असा माणूस निवडा. विषय तोच असला पाहिजे असं नाही. उलट मराठीच्या शिक्षकाला विज्ञानाच्या तासात बसवलं तर आशयावर बोलायचा मोह त्याला कमी होतो आणि नजर मुलांवर राहते. पण तुमचा प्रश्न आशयाचाच असेल, उदाहरणार्थ 'भागाकाराची पायरी मी कुठे गाळतो का', तर त्याच विषयाचा माणूस हवा.

जोडी एकमेकांची असावी: आज तुम्ही माझ्याकडे, पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे. एकतर्फी भेटी लवकरच 'शिकवणारा आणि शिकणारा' अशा होतात. शाळेत शिक्षण सेवक म्हणून नुकतंच कोणी लागलेलं असेल, तर पहिला वर्ग पंचवीस वर्षं झालेल्या सरांनी किंवा बाईंनी उघडावा. नव्यालाच आधी उभं केलं की सगळ्यांचा समज एकच होतो: त्याच्यात काहीतरी कमी आहे म्हणून हे चाललंय.

वेळ निवडताना शाळेचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. जूनमध्ये पट स्थिर नसतो आणि पुस्तकवाटप चालू असतं. ऑक्टोबरच्या सत्र परीक्षेआधीचे दोन आठवडे उजळणीत जातात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी असतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हायस्कूलला दहावीपुढे काही सुचत नाही. राहतात ते जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर (त्यात गणपतीचे दिवस वजा) आणि जानेवारी. एका जोडीच्या वर्षातून चार भेटी झाल्या, दोन तुमच्या वर्गात आणि दोन सहकाऱ्याच्या, तरी भरपूर आहेत.

आता खरा पेच: बघायला येणाऱ्याच्या वर्गाचं काय करायचं? हायस्कूलमध्ये वेळापत्रक शेजारी ठेवून एकाचा तास आणि दुसऱ्याचा ऑफ तास जुळतो का ते बघा. बहुतेक जोड्यांचे आठवड्यात एक-दोन तास जुळतात. ऑफ तास मात्र त्या दिवशी बदली तासात जाऊ नये म्हणून वेळापत्रक पाहणाऱ्या सहकाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सकाळी साडेदहाला सांगितलं तर उपयोग नाही, तोवर रजेचे अर्ज येऊन बदली तास वाटून झालेले असतात.

द्विशिक्षकी शाळेत ऑफ तास ही चीजच नाही. तिथे तीन वाटा निघतात. एक, दोन्ही वर्ग एकत्र बसवून एकाने शिकवायचं आणि दुसऱ्याने बघायचं. परिपाठानंतरचा वाचनाचा तास याला सोयीचा पडतो. दोन, पूर्ण तास न बघता 15 मिनिटंच बघायची. तेवढ्या वेळात दुसऱ्या वर्गाला चित्र काढणं, शुद्धलेखन असं स्वतःचं स्वतः करता येणारं काम द्यायचं आणि मधलं दार उघडं ठेवायचं. तीन, मोबाईलवर चित्रण. त्याबद्दल पुढे.

एकच प्रश्न, आणि तो तुमचा

'या, बसा, काय वाटतं ते सांगा' असं आमंत्रण दिलं की परत येतं ते 'छान झाला तास, फक्त आवाज जरा मोठा ठेवा'. बघणाऱ्याला काय बघायचं ते सांगितलेलंच नसतं, म्हणून तो जे सगळ्यांत सोपं ते बघतो: आवाज, अक्षर, शिस्त. प्रश्न असा द्या की ज्याचं उत्तर मोजता येईल किंवा शब्दशः लिहून घेता येईल.

'मुलं सक्रिय असतात का?' हा प्रश्न निकामी आहे. त्याऐवजी: 35 मिनिटांत कोणकोणत्या बाकावरच्या मुलांनी तोंड उघडलं? किंवा: मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो? किंवा: गटकाम दिल्यावर कडेच्या गटात पहिली पाच मिनिटं नेमकं काय बोलणं झालं? किंवा: माझ्या किती प्रश्नांना सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं?

हा शेवटचा प्रश्न एकदा प्रत्येकाने लावून घ्यावा. आपल्या वर्गात सुरात उत्तर देण्याची दोन ठरलेली ठिकाणं आहेत. पहिलं 'समजलं का?' आणि त्यावर 'होऽऽ सर!'. दुसरं जास्त फसवं. शिक्षक वाक्य अर्धवट सोडतात, 'म्हणून खालच्या संख्येला आपण काय म्हणतो? छेऽऽ…' आणि वर्ग '…द!' म्हणून पूर्ण करतो. कानाला ते उत्तर वाटतं. ज्याला छेद म्हणजे काय ते माहीत नाही, तोही 'द' म्हणू शकतो.

बहुवर्ग शाळेतल्या शिक्षकांसाठी प्रश्न जवळजवळ ठरलेलाच आहे: मी तिसरीला शिकवत असताना चौथी काय करते? बघणाऱ्याने तिसरीकडे पाठ फिरवून बसावं आणि चौथीकडेच बघावं. दिलेलं काम कितव्या मिनिटाला संपलं, संपल्यावर पहिल्या मुलाने काय केलं, अडल्यावर कोण कोणाला विचारतं, तिसरीला चाललेलं ऐकत कोण बसतं. एका शिक्षकाला एका वेळी दोन इयत्ता दिसणं शक्यच नसतं, त्यामुळे इथे दुसऱ्याच्या नोंदीची किंमत सगळ्यांत जास्त.

आधीची दहा मिनिटं

तासाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी दहा मिनिटं बसा. टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, दाखवायची गरज नाही. तीन गोष्टी सांगा. घटक कोणता आणि आज त्यातला कुठला तुकडा. तुमचा प्रश्न. आणि तासात साधारण किती वाजता काय होणार: पहिली 8 मिनिटं उजळणी, मग फळ्यावर दोन गणितं, मग मुलांचं लेखी काम. बघणाऱ्याने नोंद कशी करायची तेही इथेच ठरवा.

एक सांगू नका: कोणती मुलं 'हुशार' आणि कोणती 'ढ'. ते कळलं की बघणारा त्या मुलांकडे त्याच चष्म्यातून बघतो. एखाद्या मुलाला ऐकू कमी येतं किंवा फळा नीट दिसत नाही, असलं काही असेल तर तेवढं जरूर सांगा.

आणि तास रोजचाच ठेवा. भेट ठरली की हात आपोआप जुन्या वळणावर जातात: भिंतीवर नवे तक्ते, कपाटातलं शैक्षणिक साहित्य टेबलावर, कालच शिकवून झालेला धडा आज पुन्हा, आणि उत्तरं पाठ असलेल्या मुलांना पुढे बसवणं. बी.एड.च्या सराव पाठापासून ही सवय लागलेली असते. असा तास बघून बघणाऱ्याला कळतं ते एवढंच, की तुम्हाला तयारी करता येते. शिकवताना जिथे अडखळायला होतं, दरवर्षी जो घटक मुलांच्या डोक्यावरून जातो, तोच तास द्या.

वर्गात बसायचं कसं

घंटा व्हायच्या आधी येऊन बसा. उशिरा दारात उभं राहिलं की सगळा वर्ग उभा राहून 'एक साथ नमस्ते' म्हणतो, आणि पुढची दोन मिनिटं गेली. शिक्षकाने मुलांना एका वाक्यात सांगावं: 'आज कुलकर्णी बाई आपल्यात बसणार आहेत. मी कसं शिकवतो ते मला कळावं म्हणून त्या लिहून घेणार आहेत.' एवढ्यावर मुलांचं समाधान होतं, आणि तपासणी आपली नाही, सरांची आहे हे कळल्यावर ती खूशही होतात.

शेवटच्या बाकावर बसू नका. तिथून दिसतात पाठी आणि वेण्या. खिडकीकडच्या किंवा दाराकडच्या भिंतीला लागून, पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर, खुर्ची तिरपी ठेवून बसा. तिथून निम्म्या वर्गाचे चेहरे आणि दोन-तीन बाकांवरच्या वह्या दिसतात. पहिली-दुसरीत मुलं बसकरांवर असतील तर तुम्हीही खालीच बसा. खुर्चीवरून त्यांच्या पाट्या दिसत नाहीत. शिक्षकाच्या टेबलाशी तर बसूच नका.

बसल्यावर मान डोलवू नका, हसू नका, भुवया उंचावू नका. शिकवणारा दर दोन मिनिटांनी तुमच्याकडे बघतोच, आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक बदल तो शेरा म्हणून वाचतो. मुलाने हळूच 'बाई, हे बरोबर आहे का?' विचारलं तर 'सरांना विचार' एवढंच. वहीत खूण करायची नाही. फळ्यावर चूक दिसली, अगदी ठळक असली, तरी मुलांसमोर बोलायचं नाही. तास संपल्यावर लगेच कानावर घाला, म्हणजे शिक्षकालाच पुढच्या तासाला ती दुरुस्त करता येते.

मुलांचे फोटो काढू नका, शाळेच्या ग्रुपवर टाकण्यासाठी तर अजिबात नाही. 'आज अमुक सरांच्या वर्गाला भेट दिली' असा फोटो ग्रुपवर गेला की त्या भेटीची गाडी पुन्हा तपासणीच्या रुळावर आलीच.

नोंद: जे दिसलं ते, जसं ऐकलं तसं

एक फुलस्केप कागद घ्या, उभी घडी घाला. डाव्या बाजूला वेळ आणि जे घडलं ते. उजवी बाजू तासभर कोरी. तिथे नंतर, बोलण्याच्या आधी, तुमचे प्रश्न येतील. विशेषणं दोन्हीकडे बंद: 'छान', 'प्रभावी', 'कंटाळवाणं', 'गोंधळ'. 'गोंधळ झाला' असं लिहिण्यापेक्षा 'मागच्या तीन बाकांवरची पाच मुलं पट्टीवरून बोलत होती, 4 मिनिटं' असं लिहिलं की वाद उरत नाही.

सहावीच्या तासाची नोंद कशी दिसते ते बघा. घटक भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज, प्रश्न: 'उदाहरण सोडवून दाखवल्यावर मुलं ते स्वतः करतात की उतरवतात?'

11:42 — फळ्यावर 1/3 + 1/4. 'छेद वेगळे आहेत, मग काय करायचं?' चार-पाच जण एकदम: 'समान!'

11:43 — 'शाब्बास. किती करायचे?' अंदाजे 1 सेकंद. पहिल्या बाकावरची मुलगी: 'बारा.' बाई फळ्याकडे वळल्या.

11:44 — खिडकीकडचा तिसरा बाक, कडेचा मुलगा. वहीत 2/7. शेजारणीची वही बघितली. खोडलं. 7/12 लिहिलं.

11:49 — नवं उदाहरण, 2/5 + 1/3, 'तुम्ही करा'. तोच मुलगा: 3/8. त्याच्या पुढच्या बाकावरची मुलगीसुद्धा 3/8.

11:52 — बाईंनी फळ्यावर सोडवलं, 11/15. दोघांनीही खोडून 11/15 केलं. 'कोणाचं चुकलं?' एकही हात वर नाही.

पाच ओळी, दहा मिनिटं. मुलगा वरचे अंक वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवतोय, तेही सलग दोनदा. छेद समान करण्याची पायरी त्याच्यासाठी अजून आलेलीच नाही. अपूर्णांक त्याला एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या वाटतात. वहीत मात्र दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आणि खोडरबराचा उपयोग किती झाला, हे वही तपासताना कळायचा मार्ग नाही. (यातून पुष्कळ शिक्षक एक साधा नियम काढतात: खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं.)

जपानमध्ये 'जुग्यो केंक्यू' नावाची शिक्षकांनी एकत्र येऊन एकच पाठ रचण्याची, एकाने तो शिकवण्याची आणि बाकीच्यांनी बघण्याची जुनी पद्धत आहे. तिथले बघणारे उभे राहून, मुलांच्या मधून फिरून, वह्यांमध्ये काय उमटतंय तेच टिपतात. आपल्या 35 मिनिटांच्या तासात आणि भरलेल्या वर्गात फिरणं जमेलच असं नाही, पण नजर कुठे ठेवायची ते तिथून घ्यावं.

कोण बोललं हे मोजायचं असेल तर बाकांचा नकाशा. वर्गात 36 मुलं, 18 बाक, सहा-सहाच्या तीन रांगा असतील तर तेवढे चौकोन आधीच काढून आणा. खुणा तीनच ठेवा: नाव घेऊन विचारलं तर उभी रेघ, हात वर करून उत्तर दिलं तर गोल, मुलाने स्वतःहून काही विचारलं तर फुली. सुरातल्या उत्तरांची मोजणी कागदाच्या कडेला वेगळी. चारापेक्षा जास्त खुणा घेतल्या की हात मागे पडतो आणि बघणारा अंदाजाने भरू लागतो. बी.एड.ला शिकलेली फ्लँडर्सची वर्गातलं बोलणं नोंदवायची पद्धत, दर 3 सेकंदांनी 10 प्रकारांपैकी एक आकडा, इथे काढू नका. तिला सराव लागतो, आणि तिच्यातून एवढं कळतं की बोललं कोण. वहीत काय झालं ते नाही.

असा नकाशा पहिल्यांदा बघणाऱ्याला बहुधा धक्का बसतो. खुणा पुढच्या दोन ओळींत आणि मधल्या रांगेत दाटलेल्या असतात, आणि दाराकडचे मागचे चार बाक कोरे. त्यात दोष हेतूचा नसतो. फळ्याजवळ एकाच जागी उभं राहिलं की नजर तिथेच पडते. उभं राहायची जागा दर दहा मिनिटांनी बदलली तरी नकाशा बदलतो.

थांबण्याचा वेळ मोजायचा असेल तर घड्याळ नको, मनात 'एकशे एक, एकशे दोन' म्हणा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात हे मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. वर 11:43 ला जे झालं ते हेच. 'बारा' एका सेकंदात आलं, आणि बाकीच्या वर्गाने विचार करणं तिथेच थांबवलं.

मोबाईलवर चित्रण

दुसरा माणूस मिळतच नसेल तेव्हाच. फोन मुलांकडे तोंड करून ठेवा, तुमच्याकडे नाही. खिडकीच्या कठड्यावर, दोन शब्दकोशांच्या आधाराने आडवा. पूर्ण तास घेऊ नका, कारण 35 मिनिटांचं चित्रण नंतर कोणी बघत नाही. तुमच्या प्रश्नाची 10 मिनिटं घ्या. पंखा जोरात असेल तर आवाज जातो, म्हणून फोन पंख्याखाली नको. पालकांची आणि मुख्याध्यापकांची लेखी संमती आधी घ्या, सहकाऱ्याबरोबर एकदा बघा आणि त्याच दिवशी काढून टाका. कोणालाही पाठवायचं नाही, ज्याच्याबरोबर बघितलं त्यालाही नाही.

नंतरचं बोलणं

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. तीन दिवसांनी आठवतं ते फक्त मत. जागा स्टाफरूम नको, तिथे चौथा माणूस डबा खाता खाता 'त्या वर्गाला काही येतच नाही' म्हणून मोकळा होतो. रिकामा वर्ग, प्रयोगशाळा, मैदानाची पायरी, काहीही चालेल. 15 ते 20 मिनिटं पुरतात, त्याहून लांबलं की सल्ले सुरू होतात.

आधी शिकवणारा बोलेल: तास कसा वाटला, आणि विचारलेल्या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर काय असेल. 'माझ्या मते निम्म्यांनी तरी स्वतः केलं असेल.' मग बघणाऱ्याने नोंद वाचून दाखवायची, मिनिटांसकट, मध्ये काही न घालता. मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड असतं. नोंद ऐकल्यावर शिकवणारा स्वतःच दहातल्या आठ गोष्टी बोलून मोकळा होतो, फक्त त्याला अर्धं मिनिट शांतता मिळाली पाहिजे.

त्यानंतर उजव्या बाजूचे प्रश्न, एक किंवा दोन. '2/7 लिहिणारा मुलगा पहिल्या उदाहरणाआधी कुठे पकडता आला असता?' हा प्रश्न आहे. 'तुम्ही कागदाच्या पट्ट्या वापरून का नाही शिकवलं?' हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. 'मी असतो तर' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य समोरच्याने मागितल्याशिवाय काढायचं नाही. मागितलं तर मात्र मोघम राहू नका: 'पहिलं उदाहरण फळ्यावर घेण्याआधी प्रत्येकाकडून पाटीवर अंदाज लिहून घेऊन बघा, उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त की कमी.' 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्याच्या वर जातं, हे ज्याने आधी लिहिलंय, त्याला 2/7 खटकण्याची शक्यता तरी आहे.

काही गोष्टी बोलायला जड जातात. मुलींना प्रश्न कमी जातात, एखाद्या मुलाला आडनावाने किंवा गावाच्या नावाने हाक मारली जाते, चुकलेल्या उत्तरावर वर्ग हसतो आणि शिक्षकही हसतात. या जागी मत देऊ नका, नोंद द्या. 'तुम्ही मुलींना विचारत नाही' यावर 'विचारतो की!' असं उत्तर येणारच. '14 प्रश्न नाव घेऊन, त्यांपैकी 3 मुलींना. वर्गात मुली 17' यावर येत नाही. नोंद नसेल तर त्या दिवशी तो विषय काढू नका, पुढच्या भेटीत मोजा.

मुलाला मारणं किंवा अपमानकारक शिक्षा दिसली, तर मात्र ही सगळी रीत बाजूला. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार ते बेकायदा आहे, आणि ते दोघांमधलं गुपित राहू शकत नाही. बोलवण्याआधीच हा एक अपवाद दोघांनी मान्य करून ठेवलेला बरा.

शेवटी बदल एकच ठरवा, पुढच्या दहा दिवसांत करता येईल एवढा लहान. 'मुलांचा सहभाग वाढवेन' असा नव्हे. 'प्रश्न विचारल्यावर तीन मोजेन आणि पहिलं उत्तर आल्यावर "आणखी कोणाचं वेगळं आहे?" असं विचारेन' असा. ते वाक्य कागदाच्या तळाशी शिकवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावं.

कागद कोणाचा

ज्याचा तास, त्याचा कागद. मूळ प्रत त्याच्याकडे, दुसरी प्रत नाही, झेरॉक्स नाही. शाळेला नोंद हवी असेल तर तारीख, इयत्ता, तास कितवा आणि दोघांची नावं, एका ओळीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये दर शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि त्या तासांत हे दाखवण्याचा मोह मुख्याध्यापकांना होतो. मोह समजण्यासारखा आहे. पण नमुना फॉर्म आला, गुण आले, श्रेणी आली, की शिक्षक पुन्हा कालचाच धडा शिकवून दाखवायला लागतात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा अनुभव मांडायचा झाला तर शिकवणाऱ्याने स्वतः मांडावा, बघणाऱ्याने नाही.

दुसरी भेट

बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन, म्हणजे छोट्या पाठाचा सराव, केलेल्यांना 36 मिनिटांचं चक्र आठवत असेल: 6 मिनिटं पाठ, 6 प्रत्याभरण (पाठाबद्दलचं बोलणं), 12 पुनर्नियोजन, 6 पुनर्पाठ, 6 पुन्हा प्रत्याभरण. त्यातला सगळ्यांत मोठा तुकडा मधल्या बारा मिनिटांचा, आणि एक तृतीयांश चक्र त्याच्या पलीकडचं. शाळेत नेमकं हेच गळतं. एकदा बघितलं, बोललं, चहा झाला, विषय संपला.

पहिल्या भेटीच्या शेवटीच दुसरीची तारीख घ्या, 10 ते 15 दिवसांनंतरची. वर्ग तोच, प्रश्न तोच, नोंदीची पद्धत तीच, बघणारा बसतो ती खुर्चीही तिथेच. घटक वेगळा चालेल. या वेळी बघणाऱ्याने फक्त ठरलेला बदल मोजायचा: किती प्रश्नांनंतर तीन सेकंद थांबले, 'आणखी कोणाचं वेगळं?' किती वेळा आलं, आणि त्यानंतर कोणत्या बाकावरून आवाज आला. पंधरा मिनिटं बसलं तरी पुरे. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. मागच्या चार बाकांपैकी एकावर जरी पहिल्यांदा गोल आलेला असला, तरी बदल चालू ठेवा. काहीच हललेलं नसेल तर तो बदल सोडा, दुसरा धरा आणि तिसरी तारीख ठरवा. आणि खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची वही या खेपेला पहिल्या पाच मिनिटांतच बघा.